पाठमोरा प्रेक्षक

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

दोन तास छप्पन्न मिनिटं. त्यातली निम्मी काळोखात. पडद्यावर रात्र कशी दाखवायची हे या देशात एके काळी लोकांना कळत होतं. आता दिवे बंद करतात आणि त्याला वातावरण म्हणतात. उरलेल्या निम्म्यात नायक चालतो. संथ चालतो, मागे ढोल बडवले जातात, आणि तो दिसला की चार माणसं एकमेकांना सांगतात, हा कोण आहे ठाऊक आहे का? मग तो स्वतःही सांगतो. एवढी ओळखपरेड झाली की मध्यांतर.

मॉलमधून बाहेर पडताना विनयाला म्हटलं, तुला काही दिसलं का त्यात? ती म्हणाली, नाही बाई. माझा दंड घट्ट धरून चालत होती. सरकत्या जिन्यापाशी अडली आणि लिफ्टनं जाऊ म्हणाली. तिचंही डोकं उठलं असणार.

चौतीस वर्षं आम्ही दोघं सिनेमा पाहून घरी येईपर्यंत भांडतो. आमच्या लग्नाचा तो कणा आहे. आज भांडण झालं नाही. मी बोलत होतो, ती हो हो म्हणत होती. भांडायलासुद्धा सिनेमात काहीतरी असावं लागतं.

घरी आल्यावर दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाचे कार्यवाह हरीश टिल्लू यांचा फोन. मी मंडळात चालवत असलेल्या चित्रपट उपक्रमाला गेल्या महिन्यात अकरा लोक आले होते, त्यात आम्ही दोघं आणि सभागृहाचा चौकीदार. जानेवारीपासून त्या रविवारी हाउजी, म्हणजे आकडे पुकारायचा तो खेळ, ठेवावी असं कार्यकारिणीच्या मनात आहे. हाउजी! मी फोनवरच भांडलो. शेवटी ठरलं: २३ तारखेला एक संधी. सभागृह भरलं तर उपक्रम राहील.

मी होडीचा सिनेमा दाखवणार. कित्येक वर्षं हरवलेला होता, यंदा त्याची प्रत सापडून धुऊनपुसून मिळाली. आणि आधी अर्धा तास बोलणार. मला बोलता येतं. निवृत्त होईपर्यंत कॉलेजात इतिहास शिकवला, माझ्या तासाला दुसऱ्या विषयांची मुलं येऊन मागे उभी राहायची.

बुधवार, ५ नोव्हेंबर

शिवांगी गुरुग्रामहून जेवायला आली. तिच्या कंपनीत वेब मालिका आणि सिनेमे बनतात. ती पटकथा वाचून लेखकांना सूचना देते. इतके दिवस मला वाटत होतं की माझी मुलगी पटकथा सुधारते. आज कळलं ती काय करते.

त्यांच्या ऑफिसात एक कसोटी आहे. नाव ‘फुलका टेस्ट’. प्रेक्षक ओट्याशी उभा राहून फुलके लाटतोय, पाठ टीव्हीकडे आहे, तरी प्रसंग कळला पाहिजे. नाही कळला तर लेखकाकडे परत. म्हणून हल्ली पात्रं दार उघडताना ‘मी दार उघडतेय’ म्हणतात आणि रडणाऱ्याला दुसरा विचारतो, ‘तू रडतोयस?’

मी म्हटलं, हा सिनेमा नव्हे, ही रेल्वेची उद्घोषणा आहे. दृश्याची कला शंभर वर्षं घासून इथवर आणली, ती पाठ फिरवून बसलेल्या माणसासाठी?

‘बाबा, यार, लोक दमून येतात,’ ती म्हणाली. ‘हातात फोन असतो, काम असतं. सगळ्यांना समोर बसता येत नाही.’

‘ज्याला बघायचंच नाही त्यानं रेडिओ लावावा.’

तिनं आईकडे पाहिलं. विनया वरण वाढत होती. माझ्या वाटीऐवजी थोडं ताटाच्या कडेवर सांडलं. पुसत म्हणाली, ‘मला तर बाई त्या मालिका बऱ्या वाटतात. कोण आलं, कोण गेलं, सगळं सांगतात.’

याच बाईनं एके काळी एका सिनेमातल्या पडद्याच्या रंगावरून माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. मला राग आला नाही, त्याहून वाईट काहीतरी झालं. ही हवा घरात शिरली आहे.

भाषणाला शीर्षक मिळालं: पाठमोरा प्रेक्षक.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळपासून बाहेर राखाडी. समोरचा टॉवर अर्धाच दिसतो. सोसायटीत सगळेच डोळे चोळत फिरतायत. विनया गेटपाशीच्या कुंडीला अडखळली, गुडघा खरचटला. या शहरात हवेपायी माणूस आंधळा व्हायची वेळ आली.

संध्याकाळी ती फोनवर बहिणीला सांगत होती, ‘काल एक सिनेमा ऐकला, चांगला होता.’ मी आतून ओरडलो, ‘पाहिला! सिनेमा पाहतात, ऐकतात ते कीर्तन.’ ती हसली आणि बहिणीला म्हणाली, ‘बघ, मास्तर जागे आहेत.’

दिल्लीत वाढलेल्या पोरांचं मराठी झिजतं हे मान्य. पण विनया पुण्याच्या शाळेत शिकली आहे. तिनं असं क्रियापद चुकवावं?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

होडीचा सिनेमा पाचव्यांदा पाहिला, एकटाच, कानाला हेडफोन लावून. भाषणाचा सगळा भार त्यातल्या एका प्रसंगावर टाकणार आहे. खाडीकाठी एक माणूस होडीच्या फटी बुजवतोय. बायकोला न विचारता त्यानं होडी विकायला काढली आहे आणि तिला ते आजच दुसऱ्याकडून कळलंय. ती रोजच्यासारखी त्याच्यासाठी पाण्याची कळशी घेऊन येते. उभी राहते. मग कळशी वाळूत रिकामी करते आणि निघून जाते. नऊ मिनिटं. एक शब्द नाही, संगीत नाही. वारा, हातोडी आणि पाणी.

आज हा प्रसंग लिहिला तर गुरुग्राममधून परत येईल, शेरा मारून: ‘बायको रागावली आहे हे स्पष्ट करा.’

मनात एक किडा आहे, तो इथे लिहून टाकतो. प्रत्येक पिढीच्या म्हाताऱ्यानं हेच म्हटलंय. बोलपट आला तेव्हाही सिनेमा मेला म्हणून रडणारे होतेच. मी त्यांच्यातलाच एक तर नाही? फोन उभा धरून बघायच्या दीड-दीड मिनिटाच्या मालिका मेट्रोत माझ्या शेजारची मुलगी पाहते, द्वारका मोडपासून राजीव चौकापर्यंत मान वर करत नाही. तिला त्यात काहीतरी मिळत असेलच. मग मी स्वतःला सांगतो की भूक खरी आहे म्हणून अन्न चांगलं ठरत नाही. हे वाक्य भाषणात घ्यावं.

रविवार, १६ नोव्हेंबर

विनयाला काचबिंदू आहे. चार वर्षं झाली. थेंब चालू आहेत, ती ते घड्याळ लावून घालते, काही तक्रार नाही. मंगळवारी नजरेची तपासणी आहे. तिनं विचारलं, ‘याल का बरोबर?’ सहसा विचारत नाही. मी म्हटलं, मंगळवारी टिल्लूंबरोबर सभागृहाचा प्रोजेक्टर बघायचाय, शिवांगीला सुट्टी घ्यायला सांग. ‘बरं,’ म्हणाली.

नंतर तिनं विचारलं, होडीच्या सिनेमात बोलतात का पुष्कळ? मी अभिमानानं सांगितलं, अजिबात नाही. ती म्हणाली, ‘मग मी मागे बसू का त्या दिवशी? तुमची पहिली रांग फार जवळ पडते.’ मी म्हटलं, वक्त्याची बायको मागे? लोक काय म्हणतील?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

प्रोजेक्टर ठीक. पडद्याला एक सुरकुती आहे, टिल्लू इस्त्री करवून घेणार.

तपासणीचं विचारलं. विनया म्हणाली, ठीक आहे. शिवांगी जेवायला न थांबता गेली. माझ्याशी धड बोलली नाही. फुलक्याचा राग अजून आहे वाटतं.

रविवार, २३ नोव्हेंबर

भरलं. टिल्लूंनी मोजून सांगितलं, एकशे अठ्ठेचाळीस. जिन्यावरसुद्धा लोक. मुखर्जी नगर आणि राजेंद्र नगरहून स्पर्धा परीक्षांची मुलं आली, गुरुग्रामचे आयटीवाले लेकरांना घेऊन आले. मी पस्तीस मिनिटं बोललो, कागदाकडे एकदाही न बघता.

मी म्हटलं, सिनेमा वाईट दिग्दर्शकांनी मारला नाही, ते सगळ्याच काळात होते. आता तर पटकथा यंत्राकडून लिहून घेतात, पण यंत्रानंही मारला नाही, ते बिचारं मागितलं तेच देतं. तो मारला प्रेक्षकाच्या पाठीनं. बघणं हे कष्टाचं काम आहे आणि आपण ते सोडून दिलं. समोरचा माणूस दुःखी आहे हे तो सांगेपर्यंत आपल्याला कळत नसेल, तर बिघाड पडद्यात नाही. मी फुलका टेस्टही सांगितली. कंपनीचं नाव घेतलं नाही. लोक खूप हसले. शिवांगी चौथ्या रांगेत होती, तिच्याकडे पाहिलं नाही.

मग सिनेमा. नऊ मिनिटांत कुणी खोकलंसुद्धा नाही.

आता पुढचं. लिहायला हवं.

नंतर चहा आणि बटाटेवडे चालू होते, पंधरा-वीस जण माझ्याभोवती. टिल्लू विनयाला म्हणाले, वहिनी, तुम्हाला कोणती जागा आवडली? विनया म्हणाली, ‘ती त्याच्या हातावर पाणी घालते ना, तिथं मला भरून आलं. एवढी रागावलेली, तरी त्याला हात धुवायला पाणी घालते.’

माझ्या कानशिलात गरम झालं. म्हणालो, ‘ती पाणी वाळूत ओतते, विनया. तुझं लक्ष कुठं होतं?’ आणि लोकांकडे वळून म्हणालो, ‘पाहिलंत? पाठमोरा प्रेक्षक माझ्याच शेजारी बसला होता.’

हशा झाला. विनयाही हसली. म्हणाली, ‘खरंच, लक्ष नव्हतं माझं.’

सोमवार, २४ नोव्हेंबर

काल पुढचं लिहिलं नाही.

परतताना शिवांगी गाडी चालवत होती. करोल बागेतून धौला कुआँपर्यंत आलो. तिथल्या लाल दिव्याला ती समोर बघतच म्हणाली, ‘आईला दिसत नाही, बाबा.’

मागून विनया म्हणाली, ‘शिवा, राहू दे.’

‘नाही राहू देत. डावा डोळा गेलाय. उजव्यात मधलं थोडंसं उरलंय, तेही काळ्या-पांढऱ्यात, अंधारात काही लागत नाही. दोन वर्षं झाली. मंगळवारी रिपोर्ट आणखी खाली आला.’

दिवा हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न दिला. मी विचारलं तरी काय? की फुलका टेस्ट ऑफिसात कुणी काढली. माझ्या तोंडून तेच निघालं.

‘मी,’ शिवांगी म्हणाली. ‘आई ओट्याशी उभी राहून मला विचारायची, आता काय झालं, आता काय झालं. तुम्ही हॉलमध्ये असलात की विचारायची नाही. आंधळ्यांसाठी वर्णनाचा वेगळा आवाज देता येतो. मी तीनदा मागितला. म्हणाले, मराठीला नाही परवडत. मग मी ते वर्णन पात्रांच्याच तोंडी घालायला लागले.’ पुढे म्हणाली, ‘त्यानं सिनेमा बिघडतो, मला माहितेय. तुम्ही काल बोललात त्यात चूक काहीच नव्हतं, हाच तर वैताग आहे.’

म्हणाली ‘काल’, भाषण तर त्याच दिवशी झालं होतं. मी दुरुस्त केलं नाही.

घरी आल्यावर विनयाला विचारलं, मला का नाही सांगितलंस? आवाज चढला माझा. ती शांतपणे चपला ठेवायची जागा पायानं चाचपत होती. म्हणाली, ‘सांगितलं असतं तर तुम्ही भाषण केलं असतंत. मग एक तर मला घरी ठेवून सिनेमाला गेला असतात, नाही तर जायचंच सोडलं असतंत. मला दोन्ही नको होतं.’

मंगळवार, २५ नोव्हेंबर

टिल्लूंचा फोन. उपक्रम वर्षभर पक्का, हाउजी रद्द. वर म्हणाले, सर, तुम्ही तर व्हायरल झालात. कुणीतरी चाळीस सेकंदांची चित्रफीत काढली आहे. भाषणाची नव्हे, वड्यांच्या वेळची. खाली लिहिलंय, ‘सरांनी बायकोलाही सोडलं नाही’, पुढे हसून रडणारे चेहरे. नोएडा, गुरुग्राम, पुण्यातले गट, सगळीकडे फिरतेय. मी म्हटलं, काढून टाका. ते म्हणाले, सर, आता ते कुणाच्याच हातात नाही.

मी ती पाहिली. विनयाचा चेहरा तीन सेकंद दिसतो. ती हसते, पण माझ्याकडे बघून नव्हे. मी जिथे नाही तिथे बघून.

शिवांगीला फोन केला. मी भाषणात कसोटी सांगितल्याचं कंपनीत कुणाला कळलं का? म्हणाली, कळलं, बोलावलं होतं, बघू. मी माफी मागितली. ‘अच्छा,’ म्हणाली आणि मीटिंग आहे म्हणून ठेवला.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे मी गेलो. चार वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी तपासणीचे कागद टेबलावर पसरले: चार वर्षांचे, एकाखाली एक. गोल नकाशे, त्यात काळा रंग दर वर्षी थोडा आत सरकलेला. मी हयातभर नकाशे शिकवले, साम्राज्यं अशीच आकसत जाताना मुलांना दाखवली. मला समजावून सांगावं लागलं नाही.

विचारलं, परत येईल का? ‘जो गया वो गया,’ डॉक्टर म्हणाले. ‘जो बचा है उसको बचाना है।’ दाब अजून खाली आणायला छोटी शस्त्रक्रिया करायची, डिसेंबरात. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘आप इनके दाहिने बैठा कीजिए। बाएँ से तो इनको आप दिखते ही नहीं।’

चौतीस वर्षं मी तिच्या डाव्या हाताला बसतोय.

परतताना मेट्रोत उजवीकडे बसलो. तिनं मान वळवली. म्हणाली, ‘दाढी नीट झाली नाहीये आज.’

रविवार, ३० नोव्हेंबर

तिनंच सांगितलं, तो नऊ मिनिटांचा प्रसंग लावा आणि काय चाललंय ते मला सांगा. दुपारी जेवणं झाल्यावर बसलो. खुर्ची तिच्या उजवीकडे ओढली.

मी सुरू केलं, ‘खाडीचं पाणी शिशासारखं निपचित…’

‘उपमा नकोत. काय आहे ते सांगा.’

‘माणूस बसलाय. होडीपाशी.’

‘होडीकडे तोंड करून की आपल्याकडे?’

मला आठवेना. आठ वेळा पाहिलेला प्रसंग. थांबवून पाहिलं. होडीकडे.

असंच चाललं. मी जास्त बोललो की ती हात वर करायची, त्या वेळात वारा ऐकायचा असायचा. कमी बोललो की विचारायची. बाईचे पाय ओले आहेत का? का, विचारलं, तर म्हणाली, ‘ती घरातून आलीय की खाडीतून चालत, ते कळेल.’ ओले होते. मी तिला घरातून आलेली म्हणून पस्तीस मिनिटं बोललो होतो. चार वेळा भांडलो. एकदा मी रिमोट ठेवून आतल्या खोलीत गेलो आणि पाणी पिऊन परत आलो. एकदा ती म्हणाली, तुमचा आवाज सिनेमाच्या पुढे पळतो, त्याला मागे ठेवा. नऊ मिनिटांना दोन तास लागले. एवढं अवघड काम मी कॉलेजात कधी केलं नाही, आणि हे काम पडद्यावरच्या पात्रांकडून करून घेतात तेव्हा ते इतकं गचाळ का होतं हेही कळलं. त्यांना हे कुणासाठी करतोय ते ठाऊक नसतं.

कळशी आली. मी म्हटलं, ‘वाळूत ओततेय.’

‘सगळी?’

‘सगळी. शेवटी कळशी उपडी करते.’

‘आणि तो?’

‘तो मान वर करत नाही.’

‘हे तुम्ही त्या दिवशी भाषणात म्हणालात,’ विनया म्हणाली. ‘आता बघून सांगा.’

मागे घेऊन पाहिलं. तो मान वर करतो. जेमतेम, हातोडी न थांबवता, पण करतो. एकशे अठ्ठेचाळीस लोकांसमोर मी ठासून सांगितलं होतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, मग सगळ्यांनी तो प्रसंग पाहिला होता, आणि एकानंही मला अडवलं नव्हतं.

‘करतो,’ मी म्हटलं.

‘कुणाकडे बघतो? तिच्याकडे की पाण्याकडे?’

पुन्हा मागे घेतलं. पुन्हा. तिथेच चित्रावर एक ओरखडा आहे. उठून टीव्हीपाशी गेलो, चष्मा काढला, घातला, नाक काचेला लागेल इतका वाकलो. सहा वेळा पाहिलं. ती मागे खुर्चीत वाट बघत होती.

‘मला नीट दिसत नाहीये,’ मी म्हणालो.

‘मग तसंच सांगायचं,’ विनया म्हणाली. ‘पुढे चला.’